व्हीपीएन: ‘कनेक्ट’ दाबायच्या आधी काय करायचं आणि नंतर काय तपासायचं

व्हीपीएनबद्दल, म्हणजे तुमचं इंटरनेट दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्गे नेणाऱ्या ॲपबद्दल, मला येणारे फोन साधारण दोनच प्रकारचे असतात. पहिला: “ॲप टाकलं, कनेक्ट केलं, वर किल्लीचं चिन्हही आलं, पण आता बँकेचं ॲप उघडत नाही.” दुसरा: “व्हीपीएन चालू होतं, तरी मी ठाण्यात बसलोय हे त्या साइटला कळलं कसं?” दोन्ही वेळा ॲप सहसा ठीकच असतं, चुकलेला असतो तो क्रम. माणसं आधी ॲप टाकतात, मग बटण दाबतात, मग सेटिंग्ज कधीतरी बघतात, आणि तपासून तर कुणीच बघत नाही.

म्हणून खाली सगळं क्रमाने दिलं आहे. एका बैठकीत पाऊण तास लागेल. हाताशी कागद-पेन ठेवा, दोन-तीन ठिकाणी लागणार आहे. मेनूंची नावं अँड्रॉइडची आहेत आणि कंपनीगणिक ती थोडी बदलतात. आयफोन आणि विंडोज जिथे वेगळे वागतात तिथे तसं लिहिलं आहे.

## टप्पा १: कुणापासून काय लपवायचं, ते आधी ठरवा

व्हीपीएन तुमच्या फोनपासून त्या कंपनीच्या सर्व्हरपर्यंत एक बंद नळी टाकतं. जिओ, एअरटेल किंवा गल्लीतल्या केबलवाल्याला एवढंच दिसतं की तुम्ही अमुक एका सर्व्हरशी बोलताय, किती वेळ आणि किती डेटा. तुम्ही उघडलेल्या साइटला तुमच्या आयपी पत्त्याऐवजी (इंटरनेटवर तुमची जोडणी ओळखायचा क्रमांक) त्या सर्व्हरचा पत्ता दिसतो. झालं, काम एवढंच. सर्व्हरमधून बाहेर पडल्यावर माहिती नेहमीच्याच रस्त्याने जाते.

आता कुणापासून काय लपतं ते बघा.

लॉजच्या, स्टेशनवरच्या, कॅफेच्या वायफायवाल्यापासून: हो. पण हेही लक्षात घ्या की बहुतेक साइट आता एचटीटीपीएसवर चालतात, म्हणजे पासवर्ड आणि मजकूर आधीच कुलूपबंद असतो. उघडं राहतं ते साइटचं नाव. व्हीपीएन तेही झाकतं.

इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीपासून: हो, पण जी यादी आजवर तिला दिसत होती ती आता व्हीपीएन कंपनीला दिसू शकते. घराची किल्ली एका शेजाऱ्याकडून काढून दुसऱ्याकडे दिली, असा हा प्रकार आहे. दुसरा शेजारी कोण आहे, यावर सगळं अवलंबून. टप्पा ३ त्यासाठीच आहे.

गूगल, फेसबुक, इन्स्टाग्रामपासून: नाही. तुम्ही तिथे स्वतःच्या नावाने लॉग-इन आहात. पत्ता सिंगापूरचा दिसला तरी ओळख तुमचीच.

ऑफिसच्या लॅपटॉपवर ऑफिसपासून: नाही. नजर ठेवणारं सॉफ्टवेअर त्या यंत्रातच असतं, नळीच्या अलीकडे.

फसवणाऱ्यांपासून: अजिबात नाही. ‘डिजिटल अरेस्ट’चा व्हिडिओ कॉल, कुरिअरच्या नावाने आलेली लिंक, ओटीपी मागणारा गोड आवाज, यांना व्हीपीएनचा काडीचाही अडथळा होत नाही. पैसे गेले असतील तर हा लेख बंद करा आणि लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा.

तपासणी: कागदावर एक वाक्य लिहा: “मला ______ पासून ______ लपवायचं आहे.” गाळलेल्या जागा भरता आल्या नाहीत तर तुम्हाला सध्या व्हीपीएनची गरज नाही. मला विचारणाऱ्या निम्म्या लोकांना मी हेच सांगतो. फोन अपडेट करा, जीमेलला दोन टप्प्यांची पडताळणी लावा, आणि ते पैसे वाचवा.

## टप्पा २: तुम्ही आहात तिथला कायदा बघा

भारतात व्हीपीएन वापरणं हा गुन्हा नाही. मात्र सर्ट-इन या केंद्राच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला आदेश काढला, त्यात व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते, संपर्क, दिलेले आयपी पत्ते आणि वापराचं कारण ही नोंद पाच वर्षं ठेवावी असं म्हटलं. मुदतवाढीनंतर ही अट २५ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली. ऑफिसच्या अंतर्गत व्हीपीएनला ती लागू नाही. एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन, प्रोटॉन व्हीपीएन अशा कंपन्यांनी आपले भारतातले सर्व्हरच काढून घेतले. त्यामुळे आज अशा ॲपच्या यादीत ‘इंडिया’ दिसलं, तरी यंत्र बहुधा सिंगापूरमध्ये किंवा आणखी कुठेतरी असतं आणि फक्त पत्ता भारतीय मिळतो. हा मुद्दा वेगाच्या टप्प्यात पुन्हा येणार आहे.

दोन ठिकाणी मराठी माणूस हमखास अडकतो.

काश्मीर. जम्मू-काश्मीरमधल्या काही जिल्ह्यांत जिल्हा प्रशासन वेळोवेळी व्हीपीएनवर बंदीचे आदेश काढतं. सहलीला जाण्याआधी त्या दिवसांत आदेश आहे का ते बघा, असेल तर ॲप काढून मगच जा. कुणी फोन बघितला तर “ऑफिसच्या कामाचं आहे” हे वाक्य तिथे चालेलच असं नाही.

दुबई, अबूधाबी, शारजा. संयुक्त अरब अमिरातीचा २०२१ चा सायबर गुन्ह्यांचा कायदा म्हणतो की गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी आयपी पत्ता बदलला तर कैद किंवा ५ लाख ते २० लाख दिरहम दंड, किंवा दोन्ही. ऑफिसने कामासाठी दिलेलं व्हीपीएन ही वेगळी गोष्ट. पण तिथे अडवलेल्या व्हिडिओ कॉलसाठी घरच्यांनी ‘टाक रे एखादं ॲप’ म्हटलं म्हणून टाकू नका.

## टप्पा ३: कंपनी निवडा, घाई न करता

इथे चूक झाली तर पुढचे सगळे टप्पे वाया. ‘फ्री व्हीपीएन’ असं प्ले स्टोअरमध्ये टाइप करून पहिलं दिसेल ते घेणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

ही नुसती भीती नाही. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेच्या आणि इतर संशोधकांनी २०१६ मध्ये अँड्रॉइडची २८३ व्हीपीएन ॲप तपासली. ३८ टक्क्यांमध्ये व्हायरस-तपासणीला घातक वाटणारा कोड सापडला, ७५ टक्क्यांत वापरकर्त्याचा माग काढणारे तिसऱ्याच कंपन्यांचे तुकडे होते आणि १८ टक्के ॲपच्या नळीत कुलूपच नव्हतं. फेसबुकच्या मालकीचं ओनाव्हो हे ‘संरक्षण देणारं’ ॲप वापरणाऱ्यांची माहिती फेसबुकलाच पुरवत होतं. ॲपलच्या आक्षेपानंतर २०१८ मध्ये ते आयफोनच्या स्टोअरमधून गेलं. आणि २०१५ मध्ये होला या फुकट सेवेबद्दल उघड झालं की वापरणाऱ्यांचंच इंटरनेट इतर गिऱ्हाइकांना विकलं जातंय. म्हणजे अनोळखी माणसाने केलेले उद्योग तुमच्या घरच्या पत्त्यावरून.

निवडताना मी चार प्रश्न विचारतो:

१. पैसे कुठून येतात? वर्गणीतून येत असतील तर ठीक. फुकट योजना चालते, पण ती पैसे देणाऱ्या ग्राहकांच्या जिवावर चालणारी हवी. प्रोटॉन व्हीपीएनची फुकट योजना तशी आहे: डेटाला मर्यादा नाही, जाहिराती नाहीत, पण एकच उपकरण आणि मोजकेच देश.

२. मालक कोण? कंपनीच्या साइटवर पत्ता, देश, चालवणाऱ्यांची नावं नसतील तर पुढे जा.

३. ‘आम्ही नोंदी ठेवत नाही’ हे कुणी पडताळलंय का? हे वाक्य सगळेच लिहितात. २०२० मध्ये हाँगकाँगशी संबंधित सात व्हीपीएन सेवा हेच लिहीत होत्या आणि त्यांच्या नोंदी उघड्या सर्व्हरवर सापडल्या. उलट एप्रिल २०२३ मध्ये स्वीडनच्या पोलिसांनी मुलवाड या कंपनीच्या कार्यालयात झडतीचं वॉरंट आणलं आणि ग्राहकांची माहिती तिथे नसल्याने रिकाम्या हातांनी परत गेले. बाहेरच्या संस्थेकडून ताजी तपासणी, किंवा असा प्रसंग, यातलं काहीतरी हवं.

४. प्ले स्टोअरवर ‘व्हेरिफाइड’चा बिल्ला आहे का? गूगलने २०२५ पासून व्हीपीएन ॲपना तो देणं सुरू केलं आहे. बिल्ला म्हणजे सर्व काही नव्हे, पण नकली नावाची ॲप त्यामुळे गळतात.

पैशांचं एक. ‘दोन वर्षांचे घ्या, ८० टक्के सूट’ ही पाटी बाजूला ठेवा आणि आधी एकच महिना घ्या. तुमच्या भागात, तुमच्या नेटवर लाइन कशी चालते हे आधी कुणीच सांगू शकत नाही. कार्ड नाकारलं गेलं तर बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद असतील. ते चालू करा, पैसे भरा आणि लगेच पुन्हा बंद करा.

सावधान: टेलिग्रामवर फिरणारी ‘प्रीमियम, मोफत’ एपीके फाइल (स्टोअरबाहेरून टाकायचं ॲप) कधीही टाकू नका. आणि क्रोममध्ये बसवलेलं व्हीपीएन एक्स्टेन्शन फक्त त्या ब्राउझरपुरतं असतं, बाकीचा फोन किंवा संगणक उघडाच राहतो.

## टप्पा ४: आधीची स्थिती कागदावर उतरवा

हा टप्पा सगळे गाळतात आणि मग ‘व्हीपीएन चालतंय की नाही’ हे ठरवता येत नाही. तुलना करायला आधीचं काही लिहिलेलंच नसतं.

१. ब्राउझरमध्ये आयपीलीक डॉट नेट उघडा. घरच्या वायफायवर एकदा, मोबाइल डेटावर एकदा. दोन्ही वेळचा आयपी पत्ता लिहा. ठिपक्यांनी तोडलेला छोटा पत्ता म्हणजे आयपीव्ही४. अक्षरं आणि अपूर्णविरामांची लांबलचक माळ म्हणजे आयपीव्ही६. जिओच्या फोनवर ही माळ हमखास दिसते. तिचे पहिले दोन गट लिहून ठेवा, पुढे कामाचे आहेत.

२. त्याच पानावर खाली डीएनएसचे पत्ते असतात. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणारी सोय. कंपनीचं नाव तेवढं लिहा.

३. कुठलीही वेगचाचणी करून आकडा लिहा.

४. सेटिंग्ज → नेटवर्क अँड इंटरनेट → व्हीपीएन उघडा. जुनी ॲप यादीत दिसत असतील तर काढून टाका. परवा एका काकांच्या फोनवर तीन निघाली, त्यातलं एक ‘बॅटरी डॉक्टर’ नावाचं. बॅटरीच्या डॉक्टरला तुमचं सगळं इंटरनेट स्वतःकडून न्यायची परवानगी कशाला हवी होती, देव जाणे.

५. तिथेच ‘प्रायव्हेट डीएनएस’ असतं. ते ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा. कधीकाळी व्हिडिओ बघून तिथे काही नाव टाकलं असेल तर व्हीपीएन चालू असतानाही साइटची नावं त्याच तिसऱ्या कंपनीला विचारली जातात.

## टप्पा ५: ॲप टाका, पण सेटिंग्ज आधी, कनेक्ट नंतर

ॲप कंपनीच्या साइटवरच्या दुव्यानेच उघडा, शोधून नाही. एकसारख्या नावांची ॲप ढिगाने आहेत. खात्यासाठी शक्यतो वेगळा ईमेल वापरा.

पहिल्यांदा अँड्रॉइड विचारेल की या ॲपला व्हीपीएन जोडणी करू द्यायची का. होकार द्या, पण या प्रश्नाचा अर्थ समजून घ्या: फोनमधून जाणारी सगळी वाहतूक या ॲपच्या हातून जाणार. हाच प्रश्न उद्या एखाद्या टॉर्चच्या किंवा फोटो सजवण्याच्या ॲपने विचारला तर नकार.

आता कनेक्ट न करता पुढचं करा.

प्रोटोकॉल, म्हणजे नळी बांधायची पद्धत. वायरगार्ड असेल तर तोच. तो हलका आहे, बॅटरी कमी खातो, वायफायवरून मोबाइल डेटावर जाताना चटकन सावरतो. २०२० पासून तो लिनक्सच्या गाभ्यातच आहे. हॉटेलच्या नेटवर तो अडला तर ओपनव्हीपीएन टीसीपीवर करून बघा. मंद असेल, पण बहुतेक ठिकाणी निघतं. यादीत पीपीटीपी दिसला तर हात लावू नका, त्याचं कुलूप २०१२ मध्येच जाहीरपणे फोडून दाखवलेलं आहे. आणि एखाद्या कंपनीकडे फक्त तेवढंच असेल तर कंपनीच बदला.

किल स्विच. नळी मध्येच तुटली तर फोन गुपचूप उघड्या रस्त्यावर जातो, आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. ते थांबवणारं बटण म्हणजे किल स्विच. अँड्रॉइडमध्ये ते फोनच्याच सेटिंग्जमध्ये आहे: व्हीपीएनच्या यादीत ॲपच्या नावापुढचं दातेरी चाक दाबा. ‘ऑलवेज-ऑन व्हीपीएन’ चालू करा. त्याखाली ‘ब्लॉक कनेक्शन्स विदाऊट व्हीपीएन’ आहे. याला यापुढे मी ‘कडक कुलूप’ म्हणतो. ते आत्ता चालू करू नका, आधी टप्पा ७ वाचा. बँकेची निम्मी रडगाणी याच एका बटणापाशी सुरू होतात.

बॅटरी. शाओमी, विवो, ओप्पो, रिअलमी हे फोन मागे चाललेली ॲप बॅटरी वाचवायला मारून टाकतात, त्यात व्हीपीएनही मरतं. ॲपच्या माहितीत जाऊन बॅटरी ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ किंवा ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा, ‘ऑटोस्टार्ट’ असेल तर चालू करा. दर तासाला आपोआप तुटणाऱ्या जोडणीचं कारण दहापैकी सात वेळा मला इथेच सापडलंय.

डीएनएस. कंपनीचा आहे तोच राहू द्या.

आता ‘कनेक्ट’ दाबा. पहिला सर्व्हर सिंगापूरचा घ्या, अमेरिकेचा नको.

आयफोनवाल्यांनी एक गोष्ट जास्त करायची. आयओएस व्हीपीएन जोडताना आधीपासून उघडलेल्या जोडण्या तोडतच असं नाही. हे प्रोटॉनने २०२० मध्ये जाहीर केलं होतं. म्हणून व्हीपीएन जोडा, मग विमान मोड चालू करून पुन्हा बंद करा. ही शंभर टक्के हमी नाही, पण न करण्यापेक्षा बरं.

## टप्पा ६: तपासा

वर किल्लीचं चिन्ह दिसतंय याचा अर्थ नळी बसली एवढाच. गळती आहे का, ते चिन्ह सांगत नाही. टप्पा ४ चा कागद पुढ्यात घ्या.

पत्ता. आयपीलीक डॉट नेट पुन्हा उघडा. छोटा पत्ता बदललेला हवा, देश तुम्ही निवडलेला हवा. जुनाच दिसला तर ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा बघा.

लांब पत्ता. भारतात सगळ्यात जास्त गळती इथून होते. आयपीव्ही६चा पत्ता एकतर दिसायलाच नको, नाहीतर तो व्हीपीएन कंपनीचा हवा. कागदावर लिहिलेल्या पहिल्या दोन गटांशी जुळणारं काही दिसलं तर समजा की अर्धी वाहतूक जुन्याच रस्त्याने चालली आहे. वर सांगितलेल्या २०१६ च्या तपासणीत ८४ टक्के ॲप याच परीक्षेत नापास झाली होती. ॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘आयपीव्ही६ लीक प्रोटेक्शन’ शोधा. नसेल तर, आणि गळती थांबत नसेल तर, ॲप बदला.

डीएनएस. डीएनएसलीकटेस्ट डॉट कॉमवर ‘एक्स्टेंडेड’ चाचणी करा. यादीत तुमच्या इंटरनेट कंपनीचं नाव यायला नको. आलं तर टप्पा ४ मधलं पाचवं कलम पुन्हा बघा.

वेबआरटीसी. ब्राउझरमधल्या व्हिडिओ कॉलसाठीची ही सोय कधीकधी खरा पत्ता बाहेर सांगते. आयपीलीकच्याच पानावर तिचा वेगळा रकाना आहे. १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारे पत्ते दिसले तर घाबरू नका, ते घरातल्या राउटरने दिलेले असतात किंवा नळीच्या आतले. तुमचा कागदावरचा पत्ता दिसला तर मात्र गळती आहे. संगणकावर फायरफॉक्समध्ये युब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन टाकून त्यातला वेबआरटीसीचा पर्याय निवडला की बहुतेकदा सुटतं.

तुटण्याची परीक्षा. कडक कुलूप चालू असेल तरच, म्हणजे टप्पा ७ वाचून ते लावल्यावर. एखादी मोठी फाइल उतरवायला लावा आणि मध्येच वायफाय बंद करून मोबाइल डेटावर जा. दोन-चार सेकंद सगळं थांबून पुन्हा सुरू व्हायला हवं. मग ॲप ‘फोर्स स्टॉप’ करा आणि नवीन पान उघडा. ते उघडलं नाही, तर तुम्ही पास. विचित्र वाटेल, पण इथे इंटरनेट बंद पडणं हेच यश.

पुन्हा सुरू. फोन बंद करून चालू करा. काहीही न दाबता व्हीपीएन जोडलं गेलं का बघा.

## टप्पा ७: बँक, यूपीआय, सरकारी साइट

माझाच किस्सा. सिंगापूरच्या पत्त्यावरून मी एका बँकेच्या नेटबँकिंगमध्ये शिरलो, पासवर्ड दोनदा चुकला आणि खातं कुलूपबंद. फोनवरच्या बाईंनी “सर, तुम्ही परदेशात आहात का?” असं तीनदा विचारलं. शेवटी आधार कार्ड घेऊन शाखेत गेलो, दोन दिवस गेले. चूक बँकेची नव्हती. पुण्यातला ग्राहक अचानक सिंगापुरातून चुकीचा पासवर्ड टाकतोय, म्हटल्यावर तिने दुसरं काय करायचं?

बँकेची आणि यूपीआयची ॲप स्वतःच कुलूप लावून बोलतात. त्यांना व्हीपीएनमधून न्यायची गरज नाही, आणि परदेशी पत्त्यावरून अनेक सरकारी साइट उघडतही नाहीत. म्हणून ही ॲप नळीबाहेर ठेवायची. या सोयीला ‘स्प्लिट टनेलिंग’ म्हणतात. व्हीपीएन ॲपच्या सेटिंग्जमध्ये यादी येते. तिथे बँक, यूपीआय, डिमॅट, वीजबिलाचं ॲप यांच्यावर खूण करा.

आता मेख. अँड्रॉइडचं कडक कुलूप चालू असेल तर नळीबाहेर ठेवलेल्या ॲपना इंटरनेटच मिळत नाही. फोनला तुम्ही सांगितलंत, ‘व्हीपीएनशिवाय काही जाऊ देऊ नको’, आणि तो इमानेइतबारे तेच करतो. बहुतेक जण दोन्ही बटणं चालू करतात आणि बँकेला शिव्या घालतात.

म्हणून दोन ढंग ठरवून घ्या.

रोजचा: ऑलवेज-ऑन चालू, कडक कुलूप बंद, बँकेची ॲप नळीबाहेर. घरी-ऑफिसात हे पुरतं.

प्रवासाचा: कडक कुलूप चालू. बँकेचं काम करायचं तेव्हा व्हीपीएन आणि कुलूप दोन्ही बंद करा, वायफायही बंद करा, मोबाइल डेटावर काम उरका, मग सगळं परत चालू.

काही बँकांची ॲप फोनवर व्हीपीएन चालू आहे एवढं दिसलं तरी उघडत नाहीत. तिथे दुसरा ढंगच.

तपासणी: एक रुपया घरातल्याच कुणाला यूपीआयने पाठवून बघा. दुकानात रांगेत उभं राहून हे शोधू नका.

घरातला प्रिंटर किंवा टीव्ही फोनला सापडेनासा झाला तर ॲपमध्ये ‘अलाऊ लॅन’ किंवा तत्सम पर्याय असतो. तो घरी चालू, बाहेर बंद.

## टप्पा ८: बाहेरच्या वायफायवर जाताना

विमानतळ-हॉटेलच्या वायफायवर आधी त्यांचं पान उघडावं लागतं, मोबाइल नंबर टाकावा लागतो. कडक कुलूप चालू असताना ते पान येतच नाही आणि लोक वैतागून व्हीपीएनच काढून टाकतात. क्रम असा:

१. बाकीची ॲप बंद करा.
२. कडक कुलूप आणि व्हीपीएन बंद.
३. वायफाय जोडा, त्यांचं पान भरा. तेवढंच, मेल वगैरे उघडू नका.
४. व्हीपीएन चालू, कुलूप चालू.
५. आयपीलीकवर एकदा नजर.

मे २०२४ मध्ये ‘टनेलव्हिजन’ नावाची युक्ती जाहीर झाली. वायफाय चालवणारा माणूस राउटरच्या एका नेहमीच्या सोयीतून लॅपटॉपची वाहतूक नळीबाहेर वळवू शकतो, आणि व्हीपीएन मात्र ‘कनेक्टेड’ दाखवत राहतं. अँड्रॉइडला तिची बाधा नाही कारण ती सोय त्यात नाहीच. विंडोज, मॅक, आयफोनवाल्यांनी अनोळखी वायफायवर जाण्यापेक्षा फोनचा हॉटस्पॉट वापरावा, हे उत्तम.

पण हॉटस्पॉटचीही एक खोड आहे. फोनवर व्हीपीएन चालू असलं तरी त्याच्या हॉटस्पॉटवर बसलेल्या लॅपटॉपची वाहतूक साधारणपणे त्या व्हीपीएनमधून जात नाही. लॅपटॉपवर वेगळं ॲप टाकावं लागतं, आणि टप्पा ६ तिथेही करावा लागतो.

## टप्पा ९: मंद चालतंय, अडतंय

वेग थोडा कमी होणारच. मुंबई ते सिंगापूर सुमारे ३,९०० किलोमीटर, प्रत्येक क्लिक तिथून फिरून येणार. म्हणूनच ‘इंडिया’ निवडूनही मुंबईतली साइट हळू उघडते: यंत्र सिंगापुरात असेल तर माहिती मुंबईहून तिकडे आणि तिकडून परत.

कागदावरच्या आकड्याच्या निम्म्याहून खाली गेलात तर आधी सर्व्हर बदला, मग प्रोटोकॉल. काही साइट अर्ध्याच उघडून अडकत असतील तर ॲपमध्ये ‘एमटीयू’ (एका वेळी पाठवायच्या डेटाच्या तुकड्याचा कमाल आकार) शोधा. वायरगार्डचा नेहमीचा आकडा १४२० असतो, तो १२८० करून बघा. मोबाइल डेटावर हा उपाय अनेकदा लागू पडतो. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने सुधारलं ते कळत नाही.

गूगल वारंवार चित्रांतल्या मोटारी ओळखायला लावत असेल तर त्याला इलाज नाही. त्याच पत्त्यावरून तुमच्यासारखे शेकडो लोक येत असतात.

## टप्पा १०: देखभाल, आणि काढायचं झालं तर

फोनचं मोठं अपडेट आलं की टप्पा ६ पुन्हा करा. अपडेटनंतर बॅटरीची आणि ऑटोस्टार्टची परवानगी मूळपदावर गेलेली मी बघितली आहे. कंपनी विकली गेल्याची बातमी दिसली तर टप्पा ३ चे चार प्रश्न नव्याने विचारा.

काढताना क्रम उलटा: आधी कडक कुलूप आणि ऑलवेज-ऑन बंद, मग ॲपमधून साइन आउट, मग ॲप काढा. आयफोनवर सेटिंग्ज → जनरल → व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंटमध्ये जुनी नोंद उरली असेल तर तीही काढा. त्यानंतर आयपीलीक उघडून तुमच्या इंटरनेट कंपनीचं नाव परत आलं का बघा. पत्त्याचे शेवटचे आकडे बदललेले असू शकतात, कंपनी तीच हवी.

ॲप काढलं म्हणजे वर्गणी थांबली असं नाही. प्ले स्टोअरमधून घेतली असेल तर तिथल्या ‘सबस्क्रिप्शन्स’मध्ये जाऊन, कार्डाने भरली असेल तर कंपनीच्या साइटवर जाऊन ती वेगळी बंद करावी लागते, पुढच्या हप्त्याच्या तारखेआधी.